फरक स्पष्ट करा : गुण पाच

फळ्यावर मी उभी रेघ ओढली.
डावीकडे चास, उजवीकडे भेक.
पुस्तकात कबूतर आणि बेडूक आहेत,
पण रुस्ताकमध्ये शिकवायचं तर
खिडकीतून दिसतं ते आधी घ्यावं.

चास उष्णरक्ती, भेक शीतरक्ती.
मे महिना, एसी बंद,
खडूसुद्धा बोटांत ओला झालेला.
चासाच्या हृदयात चार कप्पे, भेकाच्या तीन.
चासाची हाडं पोकळ.
मुलं उतरवून घेत होती,
मान वर न करता.

गोंदियाला दसऱ्याच्या सकाळी
बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून
तलावाच्या पाळीवर न्यायचे, चास बघायला.
दिसला की वर्ष चांगलं.
एका वर्षी दिसलाच नाही.
बाबांनी तारेवरच्या कावळ्याकडे बोट केलं :
तोच तो, उन्हामुळे काळा दिसतोय.
मी मानलं. नमस्कारही केला.
त्या वर्षी काय वाईट झालं
ते आता आठवत नाही.

इथे तो रोज दिसतो.
पार्किंगच्या खांबावर, मातकट, मान आखडून,
पगार अडकलेल्या कारकुनासारखा.
उडाला की निळा. एवढा निळा
की गाडीची किल्ली हातातच राहते.
एकोणीस वर्षं रोज शकुन!
हिशेब लावायचा तर
आजवर माझं फारच भलं व्हायला हवं होतं.

भेक मात्र मी एकदाच नीट पाहिला.
फलज दोन वर्षं कोरडा होता.
पाण्याच्या पाळ्या लावणारा खल्फान
रिकाम्या पाटातला गाळ काढत होता.
फावड्याखाली एक ढेकूळ फुटलं,
आत हा, डोळे मिटून,
दिवाळीनंतर डब्यात राहिलेल्या करंजीसारखा.
मला वाटलं, मेलेला.
खल्फानने ओठांवर बोट ठेवलं :
नायम. झोपलाय.
आणि फावड्याच्या पाठीने
माती पुन्हा त्याच्यावर ओढली,
पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी.

ऑगस्टमध्ये डोंगरात कुठेतरी पाऊस झाला.
आमच्याकडे थेंब नाही,
पण वाडीतून लाल पाणी आलं, पाट भरले,
आणि रात्री शाळेच्या मागे
कुणीतरी जुनं दार पुन्हा पुन्हा उघडावं
तसा आवाज.

सहामाहीला मी तोच प्रश्न घातला.
नेहलाचा पेपर. तिचा बाप पाण्याचा टँकर चालवतो.
तिने लिहिलं :

चास चोचीने पाणी पितो.
भेक पाण्यात नुसता बसतो, पोटाची कातडी पिते.

चास तापला की चोच उघडतो.
भेक तापला की जमीन उघडतो.

चासाचे अन्न दिवसा. भेकाचे रात्री.

भेक ओरडला की उप्पांच्या फेऱ्या कमी होतात.
चास ओरडला तर काही होत नाही.

चास भेकाची पिल्लं खातो.
उलट कधी होत नाही.

उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात यातलं एकच होतं.
लाल पेन हातात, चहा गार.
चौथ्या मुद्द्यापाशी मी बराच वेळ थांबले :
पाणी आलं म्हणून खूश झालेली मी,
आणि त्याच रात्री
चटईवर पडून तोच आवाज ऐकणारा,
सकाळी कुठेच जायचं नसलेला एक माणूस.
त्याला गुण द्यायचा तर कुठल्या रकान्यात?
शेवटी साडेचार दिले.
मधली रेघ ओढली नव्हती,
म्हणून अर्धा कापला.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. शाळेला सुट्टी नव्हती.
गाडी लावताना वर पाहिलं :
खांबावर चास,
चोचीत काहीतरी लहान, ओलं,
लोखंडावर आपटत होता,
एकदा, दोनदा, पुन्हा.
माझे हात सवयीने जुळत आले होते.
एका हातात पेपरांचा गठ्ठा होता,
त्यामुळे ते नीट जुळले नाहीत.